नडगीमागे अडकलेले हाड

घोट्याचे अस्थिभंग हे अस्थिरोगतज्ज्ञाचे रोजचे काम आहे. शेवाळलेल्या पायरीवरून घसरलेले, दुचाकीखाली पाय सापडलेले, रात्री शेताला पाणी द्यायला गेले असताना बांधावरून खाली आलेले असे रुग्ण कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातल्या माझ्या लहानशा रुग्णालयात बारा महिने येतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत पहिला एक्स-रे प्रकाशात धरताच पुढे काय करायचे ते ठरून जाते. मी ज्या रुग्णाविषयी लिहीत आहे त्याचा एक्स-रे मात्र तसा नव्हता. प्रौढांमध्ये क्वचित आढळणारा, पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानात उरकलेला आणि परीक्षेपुरता पाठ केलेला एक अस्थिभंग प्रत्यक्ष समोर आला, तर तो ओळखायचा कशावरून आणि ओळखल्यावर हातांनी नेमके काय करायचे, याचा हा वृत्तांत आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

आधी घोट्याची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. गुडघ्याखाली दोन हाडे असतात. पुढचे जाड, हाताला लागणारे नडगीचे हाड म्हणजे टिबिया आणि बाहेरच्या बाजूचे बारीक हाड म्हणजे फिब्युला. या दोघांची खालची टोके मिळून एक खोबण तयार करतात आणि तिच्यात पावलाचे टॅलस नावाचे हाड सुताराने खाचेत कुसू ठोकावे तसे घट्ट बसते. फिब्युला टिबियाच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका उथळ पन्हाळीत टेकलेली असते आणि तिला तिथे धरून ठेवणाऱ्या अस्थिबंधांच्या जोडणीला आम्ही सिंडेस्मोसिस म्हणतो. या जोडणीत मिलिमीटरलाही किंमत आहे. टॅलस फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकले तर सांध्यातील हाडांचा एकमेकांशी असलेला स्पर्श सरासरी 42 टक्क्यांनी कमी होतो, असे रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी 1976 मध्ये दाखवून दिले. त्यामुळे हाड 'साधारण जागेवर' आणून भागत नाही.

रुग्ण चाळिशीतला ऊसतोड कामगार होता, बीड जिल्ह्यातून टोळीबरोबर आलेला. जानेवारीतल्या अवकाळी पावसाने रानात चिखल झाला होता. ट्रॉली सरीत उतरवता येत नसल्यामुळे उसाच्या मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत वाहाव्या लागत होत्या. अशीच एक मोळी डोक्यावर असताना त्याचा उजवा पाय पिंढरीपर्यंत चिखलात रुतला, पाऊल जिथल्या तिथे राहिले आणि वरचे सगळे अंग, मोळीच्या वजनासकट, डावीकडे फिरले. ही हकिकत मी त्याच्याकडून दोनदा ऐकून घेतली. डेन्मार्कचे लाऊगे-हान्सेन यांनी 1950 च्या सुमारास शवांच्या पायांवर प्रयोग करून घोट्याच्या अस्थिभंगांचे जे वर्गीकरण मांडले, ते पाऊल त्या क्षणी कसे होते आणि बल कोणत्या दिशेने आले या दोन गोष्टींवरच आधारलेले आहे. रुतलेल्या पावलावर शरीर आत फिरले म्हणजे शरीराच्या हिशेबाने पाऊल बाहेर पिळले गेले. एवढे कळले की कोणते अस्थिबंध कोणत्या क्रमाने गेले असतील याचा अंदाज एक्स-रे येण्याआधीच बांधता येतो.

त्याला माझ्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांचा आधी फोन आला होता. घोटा निखळला आहे, गुंगीचे इंजेक्शन देऊन दोन वेळा ओढून पाहिला, पण जागेवर येत नाही, असे ते म्हणाले. निखळलेला घोटा लवकरात लवकर सरळ करणे हे कोणत्याही डॉक्टरचे कर्तव्यच आहे. ताणली गेलेली कातडी मरू लागते आणि रक्तपुरवठा दबतो, त्यामुळे कधी कधी एक्स-रेचीही वाट पाहायची नसते. म्हणून त्यांनी ओढून पाहिले यात गैर काही नव्हते. पण पुरेशी गुंगी असताना, योग्य दिशेने ओढूनही घोटा हलला नाही, तर तो न हलणे हेच एक निदानाचे चिन्ह असते, आणि अशा वेळी तिसऱ्यांदा अधिक जोर लावण्यापेक्षा थांबून विचार करणे रुग्णाच्या हिताचे असते. त्यांनी हात थांबवून फोन केला, हे त्या संध्याकाळी झालेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक होते.

तपासणीच्या टेबलावर पहिल्यांदा नजरेत भरले ते पावलाचे पिळलेपण. घोटा निखळला की पाऊल सहसा मागे किंवा बाहेर सरकलेले दिसते आणि हातात धरल्यावर ते लोळागोळा झाल्यासारखे हलते. इथे गुडघ्याची वाटी छताकडे होती आणि पायाचा अंगठा मात्र जवळजवळ भिंतीकडे पाहत होता. मी टाच आणि चवडा दोन्ही तळहातांत घेऊन पाऊल अगदी हलकेच आत वळवण्याचा प्रयत्न केला. पाऊल वळले नाही, त्याच्याबरोबर सगळी नडगी गुडघ्यापासून फिरू लागली. रुग्ण ओरडला म्हणून मी थांबलो असे नाही. काहीतरी आत अडसरासारखे लागते आहे हे हाताला स्पष्ट जाणवले म्हणून थांबलो. पावलाच्या वरच्या बाजूची नाडी लागत होती, आतल्या घोट्यामागची सुजेमुळे नीट लागत नव्हती, बोटांना स्पर्श कळत होता आणि अंगठा वर-खाली करता येत होता. पोटरी घट्ट होती, पण दगडासारखी नव्हती. आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या टोकाखाली, बोट ठेवताच तो दचकत होता, याचा अर्थ तिथला डेल्टॉइड अस्थिबंध गेला होता.

त्यानंतर मी फिब्युला तळापासून गुडघ्यापर्यंत बोटाने चाचपत वर गेलो. घोट्याच्या प्रत्येक दुखापतीत हे केलेच पाहिजे असा माझा आग्रह आहे आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. शाळेच्या ओल्या जिन्यावर पाय वळला होता, एका ठिकाणी घोट्याचा एक्स-रे काढला होता, त्यात हाड मोडलेले नव्हते, मुरगळला आहे असे सांगून क्रेप बँडेज बांधले गेले होते आणि त्या कित्येक आठवडे त्याच पायावर वर्गात उभ्या राहत होत्या. त्यांची फिब्युला मोडली होती ती गुडघ्याच्या जरा खाली, म्हणजे घोट्याच्या एक्स-रेच्या चौकटीत जी कधीच येत नाही अशा जागी. बल घोट्यात आत शिरले होते, सिंडेस्मोसिस फाडत, दोन हाडांमधला पडदा उसवत वर गेले होते आणि वरच्या टोकाला हाड मोडून बाहेर पडले होते. फ्रेंच शल्यविशारद मेझोनव्ह यांनी 1840 मध्ये हा प्रकार वर्णन केला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आतल्या बाजूला दुखते, टॅलस आणि आतला घोटा यांच्यामधली फट 4 मिलिमीटरपेक्षा जास्त दिसते आणि घोट्यापाशी फिब्युला तर अखंड आहे, असे असेल तर गुडघ्यापर्यंतचा एक्स-रे काढल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये. झोपून काढलेल्या एक्स-रेत ती फट कधी कधी मिटलेलीही दिसते. या बाईंना पायावर थोडा भार देऊन उभे केले तेव्हाच ती उघडली. त्यांच्या शस्त्रक्रियेत वरचा मोडका भाग मी उघडला नाही, कारण फिब्युलाच्या मानेला वळसा घालून पाऊल वर उचलणारा मज्जातंतू जातो आणि त्याला धक्का लागला तर पाऊल लोंबकळते. खाली सिंडेस्मोसिस मात्र उघडून, तिथे साचलेले व्रणाचे ऊतक खरवडून, फिब्युलाची लांबी आणि वळण पूर्ववत करून दोन स्क्रू घालावे लागले. ताज्या दुखापतीत ही खरवडण्याची वेळ सहसा येत नाही.

ऊसतोड कामगाराच्या फिब्युलाचा वरचा भाग दुखत नव्हता. दुखणे सगळे खाली होते.

एक्स-रे काढताना आमच्या तंत्रज्ञाची पंचाईत झाली आणि ती पंचाईतच पुष्कळ काही सांगून गेली. समोरून चित्र घ्यायचे म्हणून गुडघा सरळ ठेवला, तर पाऊल आडवे जाऊन चित्रात बाजूने दिसत होते, आणि पाऊल सरळ केले तर नडगी आत वळून टिबिया तिरकी येत होती. एकाच फिल्मवर दोन हाडे दोन वेगवेगळ्या बाजूंनी पाहिल्यासारखी दिसू लागली की पुष्कळदा फिल्म चांगली आली नाही असे म्हणून ती बाजूला ठेवली जाते. मी ती ठेवून घेतली आणि बाजूने घेतलेली फिल्म जास्त वेळ पाहिली. टॅलस थोडे मागे सरकले होते, टिबियाच्या मागच्या काठाचा एक लहान तुकडा उडाला होता आणि फिब्युला तिरकी मोडली होती. एवढे नेहमीचेच होते. पण बाजूच्या चित्रात फिब्युलाची सावली टिबियाच्या सावलीवर पडायला हवी. इथे वरच्या तुकड्याचे मोडके टोक टिबियाच्या मागच्या कडेच्याही पलीकडे, स्नायूंच्या करड्या सावलीत एकटे उभे होते.

न्यूयॉर्कचे डेव्हिड मार्श बॉसवर्थ यांनी 1947 मध्ये पाच रुग्णांची नोंद करून हा प्रकार तपशिलाने मांडला. त्याआधीही अशा दुखापतीचे उल्लेख झाले होते, पण नाव त्यांचेच राहिले. पाऊल बाहेर पिळले जाते तेव्हा फिब्युला पन्हाळीतून निघून मागे ओढली जाते. सहसा ती मोडते आणि परत येते. क्वचित असे होते की मोडण्याच्या आधी किंवा मोडता मोडता ती टिबियाच्या मागच्या बाहेरच्या उंचवट्याला ओलांडून पलीकडे जाते आणि त्या उंचवट्यामागे अडकून बसते. दोन हाडांमधला पडदा वर शाबूत असतो आणि तो तिला टिबियाकडेच खेचून धरतो. बाहेरून पाऊल जितके ओढावे तितकी ती उंचवट्यावर अधिक आवळली जाते. जोर लावून ती सुटत नाही याचे कारण हेच, आणि अशा पायावर वारंवार जोर लावला की सूज वाढते, कातडीवर फोड येतात आणि पोटरीच्या बंद कप्प्यांतला दाब वाढून स्नायू मरण्याची भीती निर्माण होते.

निदानाविषयी माझ्या मनात फारशी शंका उरली नव्हती, तरीही मी सीटी स्कॅन करून घेतला. सीटी केंद्र आमच्याच रस्त्यावर आहे आणि स्कॅन होईपर्यंत इकडे भूलतज्ज्ञ येणार होते, म्हणजे त्यासाठी वेळ वाया जाणार नव्हता. तसे नसते तर मी सीटीसाठी शस्त्रक्रिया लांबवली नसती. पण प्रौढांच्या घोट्यात एक्स-रे लपवतो अशा आणखीही काही गोष्टी असतात. उदाहरणार्थ, टिबियाच्या पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याचा अस्थिबंधाबरोबर उपटून आलेला तुकडा, ज्याला टिलो यांच्या नावाने ओळखतात. तो वाढत्या वयातल्या मुलांमध्ये आढळतो, कारण त्यांची वाढीची चकती आतून बाहेर अशी भरत जाते आणि बाहेरचा कोपरा शेवटपर्यंत कच्चा राहतो. प्रौढांमध्ये हाडाआधी अस्थिबंध तुटतो, म्हणून तो विरळा. पण असतो तेव्हा तो फिब्युलाच्या सावलीआड दडतो, आणि तसाच राहिला तर सिंडेस्मोसिस कितीही स्क्रू घातले तरी नीट बसत नाही. या रुग्णात तो नव्हता. सीटीच्या आडव्या छेदात मात्र बाहेरची पन्हाळ रिकामी होती आणि फिब्युलाचे गोल वर्तुळ टिबियाच्या पाठीला चिकटून बसलेले होते. जवळ उभ्या असलेल्या परिचारिकेलाही समजावून न सांगता समजावे इतके ते स्पष्ट होते.

रुग्णाची पत्नी आणि मुकादम बाहेर बसले होते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, उचल त्या जोडीने घेतलेली असते आणि एक जण पडला की उरतो तो अर्धा कोयता. कामावर न आलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो. पाय आज रात्रीच उघडावा लागेल, प्लास्टरने भागणार नाही आणि त्यानंतर निदान सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार देता येणार नाही, असे मी सांगितले. मुकादमाने विचारले, "ओढून बसवता येत नाही का, साहेब? आमच्याकडे एक जण बसवून देतो." मी सीटीचे चित्र त्याच्या मोबाइलवर पाठवले आणि रिकामी पन्हाळ दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, "ह्ये तर मागं गेलंय." यापेक्षा नेमके वर्णन मलाही करता आले नसते. पत्नीने फक्त एवढेच विचारले, "परत ऊस तोडायला जमंल का त्यांना?" त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्या रात्री देता येण्यासारखे नव्हते. सांधा जागेवर आणला तर शक्यता चांगली, नाही आणला तर जवळजवळ नाहीच, एवढेच मी बोललो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदपत्रांचे आमच्या कार्यालयाने पाहिले.

मणक्यातून भूल दिली. स्नायू पूर्ण सैल झाल्यावर मी एकदाच, हलक्या हाताने, पाऊल आत वळवून पाहिले. पूर्ण भूल असताना क्वचित फिब्युला सुटते, म्हणून एक प्रयत्न योग्य आहे, पण तो एकच. ती सुटली नाही. पाय झाकण्याआधी मी चांगल्या घोट्याचे सी-आर्मवर, म्हणजे टेबलापाशीच एक्स-रे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, चित्र घेऊन ठेवले. ही सवय मी सर्वांना सुचवतो. सिंडेस्मोसिसच्या फटीचे आकडे पुस्तकात दिलेले असतात, पण माणसागणिक पन्हाळीची खोली वेगळी असते आणि त्या रुग्णासाठी योग्य काय हे सांगणारा उत्तम साक्षीदार त्याचा दुसरा पाय असतो.

कुल्ल्याखाली वाळूची पिशवी ठेवून पाय आत वळवून घेतला, मांडीला टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह रोखणारा पट्टा, बांधला आणि बाहेरून, फिब्युलाच्या जरा मागून उभा छेद घेतला. छेदाच्या वरच्या टोकाला सावध राहावे लागते. घोट्याच्या टोकापासून साधारण 10 ते 12 सेंटिमीटर वर पावलाच्या पाठीला संवेदना देणारा मज्जातंतू स्नायूंवरच्या आवरणातून बाहेर येतो आणि तो कापला गेला तर रुग्णाला हाड जुळल्यावरही बधिरपणाची कटकट जन्मभर राहते. आवरण उघडताच काळसर रक्ताची गुठळी बाहेर आली आणि पोटरीचा ताण थोडा उतरल्यासारखा वाटला. फिब्युलाचा खालचा तुकडा पावलाबरोबर मागे गेलेला होता. जिथे वरचा तुकडा दिसायला हवा तिथे तो नव्हताच. पेरोनियल स्नायूंचे पट्टे बाजूला सारून बोट आत घातले तेव्हा तो टिबियाच्या मागे, खोलवर, हाताला लागला. त्याचे तीक्ष्ण टोक उंचवट्याला बिलगले होते आणि दोन हाडांमध्ये नखही शिरत नव्हते.

इथून पुढची काही मिनिटे या शस्त्रक्रियेचा गाभा आहेत. फिब्युलाला हाडाच्या चिमट्याने पकडून सरळ बाहेर खेचणे हा मनात येणारा पहिला उपाय, आणि तो टाळावा. तिरक्या मोडीचे टोक अशा ओढीने फुटते, मग जुळवायला काठ उरत नाही. मी एक बोथट, रुंद उचकणी टिबियाच्या पाठीला घासत दोन हाडांच्या मधून सरकवली. सहायकाने आधी पाऊल थोडे अधिक बाहेर पिळले. हे उलटे वाटते, पण ज्या वाटेने हाड आत गेले त्याच वाटेने ते बाहेर येते आणि तेवढ्याने त्याचा आवळलेपणा कमी होतो. मग पाऊल खाली झुकवून, ताण देत आत वळवत असताना मी उचकणीने फिब्युला आधी बाहेर आणि मग पुढे उचलली. लागलेला जोर माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त होता. थिएटरमधल्या सर्वांना ऐकू जाईल असा आवाज करून हाड उंचवट्यावरून घसरले आणि पाऊल आपसूक सरळ झाले. तोपर्यंत भिंतीकडे पाहणारा अंगठा छताकडे आला.

एवढा अवघड भाग झाला की उरलेले काम सोपे आहे असे वाटून हात सैलावतात, आणि माझ्या मते बॉसवर्थ प्रकारातले वाईट निकाल पुष्कळदा या उरलेल्या कामात ठरतात. सांधा धुऊन त्यातले कूर्चेचे कण काढले. टॅलसच्या वरच्या कडेला एक खरचटा होता, खोल नव्हता. फिब्युलाची तिरकी मोड चिमट्याने जुळवून दोन्ही तुकड्यांना आवळणारा एक स्क्रू घातला आणि त्यावर बाहेरून पट्टी बसवली. फिब्युलाची लांबी पूर्ण झाली आहे का हे पाहण्यासाठी तिच्या टोकापासची गोलाई टॅलसच्या काठाशी अखंड जुळते का, हे सी-आर्मवर दुसऱ्या पायाच्या चित्राशेजारी ठेवून ताडून पाहिले. मागच्या काठाचा तुकडा लहान होता आणि फिब्युला जागेवर येताच तोही आपल्या जागी आला, म्हणून त्याला हात लावला नाही. तो मोठा असता तर रुग्णाला पालथे घालून मागून जावे लागले असते.

मग फिब्युलाला आकडा लावून बाहेर ओढून पाहिले. सी-आर्मच्या पडद्यावर दोन हाडांमधली फट उघडली, म्हणजे सिंडेस्मोसिस सैल होते. फिब्युला पन्हाळीत बसलेली मी पुढच्या बाजूने उघड्या डोळ्यांनी पाहिली आणि बोटाने चाचपली. केवळ पडद्यावर विसंबून ती किंचित पुढे किंवा मागे बसण्याचा धोका असतो. सांध्याच्या 2 ते 3 सेंटिमीटर वर, सांध्याला समांतर आणि मागून पुढे साधारण 30 अंशांचा कल ठेवून 3.5 मिलिमीटरचा एक स्क्रू फिब्युलातून टिबियात घातला. हा स्क्रू आवळण्यासाठी नसतो, फक्त धरून ठेवण्यासाठी असतो. आतल्या बाजूची फट आता दुसऱ्या पायाइतकीच झाली होती. मध्ये काही अडकलेले नाही याची ती पुरेशी खात्री होती, त्यामुळे डेल्टॉइड अस्थिबंध शिवण्यासाठी आतून वेगळा छेद घेतला नाही. काही सहकारी तो प्रत्येक वेळी शिवतात. मला तशी गरज वाटत नाही. कातडी ताण न देता मिटली. पाऊल काटकोनात ठेवून मागून प्लास्टरची स्लॅब बांधली.

त्या रात्री मला काळजी होती ती हाडाची नव्हती. मणक्यातली भूल काही तास वेदना लपवते आणि पोटरीतला दाब वाढण्याची पहिली खूण तर वेदनाच असते. म्हणून भूल उतरेपर्यंत आणि उतरल्यावर ठरावीक अंतराने बोटे हलवून पाहायला परिचारिकांना सांगितले. रुग्णाची बोटे दुसऱ्याने हलक्या हाताने वर वळवल्यावर औषधाला न जुमानणारी कळ उठली, तर मला कोणत्याही वेळी उठवायचे, असे फळ्यावर लिहून ठेवले. नाडी लागते आहे म्हणून निर्धास्त राहू नये. दाब धोकादायक झाल्यावरही नाडी पुष्कळ वेळ लागत राहते. पहाटे मी स्वतः जाऊन पाहिले. पोटरी मऊ होती आणि तो बिडी मागत होता. ती मात्र त्याला मिळाली नाही, कारण तंबाखूने जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात. हे त्याला पटले नाही.

टाके निघाल्यावर तो गावी गेला. सहा आठवडे भार न देणे हे कागदावर लिहायला सोपे वाक्य आहे. पाचटाच्या कोपीत, जमिनीवर झोपणाऱ्या आणि रानात शौचाला जाणाऱ्या माणसाने ते पाळायचे कसे, याचा विचार शस्त्रक्रियेच्या वेळी कोणी करत नाही, आणि तो केला नाही तर चौथ्या आठवड्यात स्क्रू मोडलेला हाती येतो. म्हणून टोळीत ठेवण्याऐवजी त्याला गावी, आईकडे, पाठवण्याचा आग्रह मी मुकादमाकडे धरला आणि मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची बरोबर दिली. पत्नी हंगाम संपेपर्यंत अर्धा कोयता म्हणून मागे राहिली.

घोट्याचे निकाल मोजण्याच्या ज्या प्रश्नावल्या आपण वापरतो त्यांत जिने चढणे असते, धावणे असते, काहींत उकिडवे बसणेही असते, पण अनेक प्रश्नांपैकी एक म्हणून. आमच्या रुग्णांसाठी तोच खरा मापदंड आहे. उसाच्या बुडख्याला कोयता घालायचा तर माणूस कमरेत आणि घोट्यात वाकतो, दिवसभर वाकतो. त्यामुळे स्लॅब निघताच पाऊल वर खेचण्याचे व्यायाम मी त्याच्याकडून करवून घेतले, बसल्या जागी टॉवेलचा फास चवड्यात अडकवून. भार सुरू झाल्यावर भिंतीला धरून, टाचेखाली वही ठेवून उकिडवे बसायचे आणि वही हळूहळू पातळ करत न्यायची. तपासणीला आला तेव्हा टाच जमिनीला टेकवून तो बसू शकत होता, पण दुसऱ्या पायाइतका पुढे झुकू शकत नव्हता. तेवढा फरक राहील असे मी त्याला सांगितले. या दुखापतीनंतर पुढे सांध्याची झीज होण्याची शक्यता नेहमीच्या अस्थिभंगापेक्षा अधिक असते, हेही सांगितले.

सिंडेस्मोसिसचा स्क्रू काढावा की राहू द्यावा यावर आमच्या मंडळींचे एकमत नाही. मोडलेला किंवा सैल झालेला स्क्रू बहुतेकांना त्रास देत नाही. ज्याला दिवसभर घोटा पूर्ण वाकवायचा आहे त्याच्या बाबतीत मात्र तीन-चार महिन्यांनी, पुन्हा कामाला लागण्याआधी तो काढलेला बरा, असे माझे मत आहे. त्यासाठी त्याने बीडहून माझ्यापर्यंत यावे ही अपेक्षा करणे योग्य नव्हते. डिस्चार्ज कार्डावर मी निदान आणि तारखेबरोबर स्क्रूचा व्यास, लांबी, तो पट्टीच्या कोणत्या भोकातून गेला आहे आणि त्याच्या डोक्यातली षटकोनी खाच 2.5 मिलिमीटरची आहे हे लिहून दिले होते, कारण योग्य पेचकस हाताशी नसल्यामुळे अर्ध्यावर सोडून दिलेल्या शस्त्रक्रिया मी पाहिल्या आहेत. त्याच्या तालुक्यातल्या एका सर्जनने ते कार्ड पाहून मला फोन केला, एक लहानसा छेद घेऊन स्थानिक भुलीखाली स्क्रू काढला आणि उभे राहून घेतलेला एक्स-रे पाठवला. फट दुसऱ्या पायाइतकीच होती. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा तोही निघाला. या वेळी कोयता पत्नीच्या हातात होता आणि तो ट्रॉलीवर मोळ्या रचायला उभा राहत होता.